स्टाफ सरळच धरलेला होता

पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा धीर सुटला तरी काम झालेलं असेल. त्या माणसाने स्टाफ उलटा धरला नव्हता. एकदाही नाही.

टेक्सासमधल्या प्लेनोत आणि आसपास जी मराठी मंडळी राहतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी माझ्या तोंडून याच्या नेमकं विरुद्ध ऐकलं आहे. ती माझी हुकमी गोष्ट होती. मुलाकडे पाहुणे आले, कोणाची साठी झाली, ज्येष्ठांच्या मासिक बैठकीत वक्ता आयत्या वेळी आला नाही, की मला उभं करायचे. गोष्ट अशी: मी तरुणपणी नेपाळात इंजिनियर होतो. डोंगरातल्या एका गावासाठी पाट काढायचा होता. मोजणीला माझ्या हाताखाली एक बहादूर दिला होता. त्याच्या हातात स्टाफ, म्हणजे माणसाच्या दुपटीहून उंच, आकडे रंगवलेली लाकडी पट्टी. ती तो धरून उभा राहणार आणि मी लांबून दुर्बिणीतून आकडा वाचणार, म्हणजे जमीन किती चढली, किती उतरली ते कळतं. तर बहादूरने ही पट्टी सगळ्या वाटेवर उलटी धरली. पाट खणून झाला, ढोल वाजले, पाणी सोडलं आणि पाणी अर्ध्या वाटेत येऊन थांबलं. इथे मी थांबायचो, चष्मा काढायचो आणि म्हणायचो, "बहादूर मला म्हणतो, साब, पानी को बोलो ना, थोडा ऊपर चढे."

लोक पोट धरून हसायचे. माझी बायको होती तोवर तीही हसायची, शंभराव्या वेळीसुद्धा.

त्या हसणाऱ्यांत इंजिनियर कितीतरी होते. पण सगळे कॉम्प्युटरवाले. जुन्या काळी मोजणी केलेला एक जरी ओव्हरसियर तिथे बसलेला असता, तर त्याने मला तिथल्या तिथे पकडलं असतं. त्या वेळच्या आमच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. माणूस डोक्यावर उभा, झाड खाली लोंबणारं, आणि आकडे पालथे. आमची नजर त्याला सरावलेली असायची. त्याने खरोखरच स्टाफ उलटा धरला असता, तर मला आकडे सरळ दिसले असते आणि मी दचकलो असतो. शिवाय पट्टीच्या खालच्या टोकाला लोखंडी टोपण असतं. ते आकाशाकडे करून कोणी उभं राहत नाही. म्हणजे गोष्ट खोटी होतीच, वर बिनडोकही होती. इतकी वर्षं ती चालली, कारण बहादूर म्हटल्यावर ऐकणाऱ्याला पुढचं सगळं खरं वाटायचं.

बहादूर हे त्याचं नाव नव्हतं. त्याचं नाव मला माहीत आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. इथे लिहीत नाही. माझ्या तोंडून त्याच्या जिवावर लोकांची पुरेशी करमणूक झाली आहे.

आपल्याकडे नेपाळ म्हटलं की पशुपतिनाथ, एव्हरेस्ट आणि सोसायटीच्या गेटावरचा गुरखा, एवढंच डोळ्यांसमोर येतं. मी दोन वर्षं राहिलो तो मधला नेपाळ, बर्फाच्या खालचा आणि सपाटीच्या वरचा. गाडीरस्ता संपला की तीन दिवस पायी. सकाळी नदीकाठच्या उकाड्यात केळीखालून निघायचं, दुपारी गुरांसच्या झाडांच्या लालभडक फुलांखालून जायचं आणि दिवस मावळताना शेकोटी शोधायची. शेजारचं गाव समोरच्या डोंगरावर दिसायचं, हाक मारली तर तिथली बाई वळून बघायची, पण तिच्या अंगणात पोचायला पूर्ण दिवस लागायचा. आधी नदीपर्यंत उतरा, मग उतरलात तेवढं चढा. अशा मुलखात अंतर मैलात सांगत नाहीत. किती चढ आहे ते सांगतात.

पाणी असलेली जमीन ती खेत, तिथे भात होतो. पाणी नसलेली ती बारी, तिथे मका आणि कोदो, म्हणजे आपली नाचणी. भेटल्यावर "कसे आहात" विचारत नाहीत, "भात खाल्लात का" विचारतात. आमच्या गावाच्या वाट्याला जवळजवळ सगळी बारीच होती. लोक नाचणीच्या पिठाचा घट्ट ढिंडो खाऊन "हो, भात खाल्ला" असं उत्तर द्यायचे. वरच्या ओढ्याचं पाणी डोंगराच्या कुशीतून फिरवत गावापर्यंत आणलं असतं, तर ते उत्तर खरं झालं असतं. पाटाला तिथे कुलो म्हणतात. त्या कुलोची ओळ आखायला मला पाठवलं होतं.

आता गेल्या वर्षी काय झालं ते सांगतो, कारण ते झालं नसतं तर हे मी लिहिलं नसतं. माझा गुडघा बदलला. व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून चार सकाळी एक नेपाळी बाई येऊ लागली. इथून अर्ध्या तासावर तिच्या लोकांची मोठी वस्ती आहे. पन्नाशीची, ठेंगणी, कमी बोलणारी. मी तिला बहिनी म्हणतो, ती मला बा म्हणते. आम्ही हिंदी आणि माझ्या मोडक्या नेपाळीची खिचडी बोलतो. एका रविवारी जेवायला माणसं होती, मुलाने आग्रह केला आणि मी गोष्ट सांगितली. मला दिवाणखान्यात चालवायला त्या दिवशी ती जादा आली होती आणि कोपऱ्यात माझी काठी घेऊन उभी होती. मराठी तिला निम्मं कळतं. ती हसली नाही, पण ती तशी कधीच हसत नाही.

दुसऱ्या दिवशी माझा पाय उचलून धरत तिने विचारलं, "बा, तो माणूस शेतकरी होता?"

"हो."

"डोंगरातला?"

"हो."

"भाताची खाचरं होती त्याची?"

"थोडी होती. बापाने काढलेली. दोन त्याने स्वतः काढलेली."

"मग गोष्ट खोटी आहे," ती म्हणाली. "पाय वर घ्या. दहा वेळा."

मी पाय वर घेतला. ती मोजत होती आणि मधे मधे बोलत होती. "डोंगर कापून खाचर करायचं म्हणजे त्यात पाणी सगळीकडे बोटभर उभं राहिलं पाहिजे. एक कोपरा वर गेला तर तिथला भात वाळतो. तीन. आमच्याकडे लहान पोरीलासुद्धा बांधावर उभी करा, ती सांगेल कुठे चढ आहे. चार. तुमच्या गोष्टीतल्या माणसाला वर-खाली कळत नाही. असा माणूस आमच्या डोंगरात उपाशी मरतो. पाच. गुडघा वाकवू नका."

"गंमत म्हणून सांगतो मी," मी म्हणालो.

"हो, सगळे हसले. त्याचं नाव काय होतं?"

मी नाव सांगितलं. ते मी कित्येक वर्षांत मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"म्हणजे नाव माहीत आहे," ती म्हणाली. "सहा."

त्या सकाळी मी तिला सगळं सांगितलं. तेच इथे लिहितो.

मोजणीचा एक नियम आहे. ओढ्यापासून गावापर्यंत उंच्या मोजत गेलात, की त्याच वाटेने पुन्हा मोजत मागे यायचं. सुरुवातीच्या खुणेवर परत आल्यावर आकडा पहिल्या आकड्याशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर कुठेतरी चूक आहे, शोधा. कंटाळवाणं काम. जाताना वाटेत एक कडा होता. तिथे धुकं होतं, पायाखाली निसरडं होतं आणि मी घाईत आकडा वाचला. एक मीटरची चूक केली. चूक कोणाचीही होते. ती परतीच्या मोजणीत सापडली असती.

परतीची मोजणी मी केलीच नाही. तंबूत बसून वहीची ती पानं भरली, अशी बेताने, की शेवटचा आकडा जुळावा. अगदी तंतोतंत जुळवला असता तर संशय आला असता, म्हणून दोन मिलिमीटर चुकवून ठेवले. एवढी अक्कल होती.

कारण काय, तर तीन दिवस वाचवायचे होते. साताऱ्याला मुलगी पाहायला जायचं होतं. तीच पुढे माझी बायको झाली. यात कोणी प्रेमाची बाजू शोधू नये. तिच्या वडिलांच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की आमची काही घाई नाही, सवडीने या. घाई मला होती. तो कडा पुन्हा ओलांडायची भीती वाटत होती, आणि मुलगी पाहणं हे सांगायला बरं कारण होतं.

मी तंबूत पानं भरत असताना स्टाफ धरणारा तो माणूस बाहेर बसला होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, लिहिता-वाचता न येणारा, पण स्टाफवरचे आकडे दोन दिवसांत शिकलेला. मी वाचायच्या आधी तो स्वतः बोट ठेवून आकडा ओरडून सांगायचा आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा. आम्ही कड्याच्या पलीकडे खुंट्या मारल्या, तेव्हा तो एका खुंटीजवळ बराच वेळ उभा राहिला. मग त्याने बांबूची चिरफळी तोडली, तिच्यात पाणी घातलं, जमिनीवर ठेवून डोळा लावला आणि म्हणाला, "हजुर, पानी जाँदैन." पाणी जाणार नाही.

मी म्हणालो, "हे जपानी यंत्र आहे. तुझा बांबू नाही."

तो म्हणाला, "पाण्याला यंत्र माहीत नाही."

मी त्याला खुंटी ठोकायला सांगितली. त्याने ठोकली.

गावाने दोन हिवाळे खणलं. दर घरटी एक माणूस, शिधा आपापला. बायका टोपल्यांनी माती वाहायच्या. पाणी सोडायच्या दिवशी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, गळ्यात सयपत्रीच्या माळा घातल्या होत्या. सयपत्री म्हणजे आपला झेंडू. पाणी कड्यापर्यंत आलं, पुढे सरकेना, तुंबलं आणि खालच्या मक्यात फुटलं. ढोल वाजवणाऱ्यांना कळायला वेळ लागला, ते थोडा वेळ वाजवत राहिले.

काठमांडूहून आलेल्या साहेबाने मला विचारलं, "हे कसं काय?"

माळा गळ्यात असताना मी स्टाफ धरणाऱ्याकडे बोट केलं. म्हणालो, "याने स्टाफ उलटा धरला असणार. आकडे कळत नाहीत."

साहेबाने लगेच मान डोलावली. त्यालाही असंच काहीतरी ऐकायचं होतं. तो स्टाफ आमच्या सामानात पडला होता. त्या माणसाने तो उचलला, लोखंडी टोक जमिनीवर टेकवलं, ताठ उभा राहिला आणि गावकऱ्यांना विचारलं, "यात वर कुठलं आणि खाली कुठलं हे न कळायला मी आंधळा आहे का?"

कोणी हसलं नाही. साहेबाने तोवर वहीत लिहून घेतलं होतं. मी माझं म्हणणं मागे घेतलं नाही. आठवड्याने मी खाली उतरलो आणि पुन्हा त्या डोंगरात गेलो नाही. पुढे गोष्टीला चष्मा काढायची जागा आली, पाण्याला वर चढवायची आली. ते वाक्य त्याने कधीच म्हटलं नव्हतं. ते मी नागपूरच्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत रचलं.

बहिनीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "दुसरा पाय."

पुढच्याच आठवड्यात ज्येष्ठांची बैठक होती, वाचनालयाच्या खोलीत. बैठक चालवणाऱ्या काकू नागपूरच्या आहेत, उत्साही. त्या म्हणाल्या, "काका, दोन नवीन जोडपी आलीत, मुलांकडे सहा महिने. ती बहादूरची गोष्ट होऊन जाऊ द्या."

मी उभा राहिलो आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. चष्मा काढला नाही.

एक पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "पण अहो, मूळची गोष्ट जास्त चांगली होती."

"ती मूळची नव्हती," मी म्हणालो. "ही मूळची."

"मग इतकी वर्षं आम्ही कशाला हसत होतो?" कोणीतरी मागून विचारलं.

"तेच विचारायला मी उभा राहिलोय."

काकूंनी सावरायचा प्रयत्न केला. "काका, जाऊ द्या ना आता. तरुण वय होतं. तुम्ही एवढ्या मोकळेपणाने सांगितलंत, हेच किती मोठं आहे."

मी त्यांना म्हटलं की यात मोठं काही नाही, आणि माझं कौतुक करायचं असेल तर मी पुढच्या महिन्यात येणार नाही. त्या म्हणाल्या, "बरं, पुढच्या महिन्यात भजन ठेवू." चहा आला. नवीन जोडप्यांपैकी एका बाईंनी मला समोसा आणून दिला आणि हळूच विचारलं, "त्या गावाला मग पाणी मिळालं का हो?"

तो प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

घरी आल्यावर बहिनीला सांगितलं. तिने फोनवर कुठल्या कुठल्या ग्रुपात विचारलं. त्या जिल्ह्यातला एक जण टेक्सासमध्येच पेट्रोलपंपावर काम करतो, त्याचा मेहुणा तिकडे शिक्षक. आठ दिवसांत त्या माणसाच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिचे वडील जाऊन काही वर्षं झाली होती. आता तिथपर्यंत गाडीरस्ता गेला आहे, त्याच्या कडेला तिचं चहा-नाश्त्याचं दुकान आहे. मागे भांडी वाजत होती. बहिनी माझ्या शेजारी बसून दुभाषाचं काम करत होती.

मी सगळं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा. ती मधे एकदा गिऱ्हाइकाला चहा देऊन आली.

"आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "गावात सगळ्यांना माहीत होतं. बा सांगायचे, एक देशी इंजिनियर आला होता, कड्याला इतका घाबरायचा की बसून सरकत जायचा." देशी म्हणजे भारतातला. ती ते कसं सरकायचं ते खांदे हलवून दाखवू लागली आणि बहिनी हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग मी पाण्याचं विचारलं. पाणी आलं होतं. तिच्या वडिलांनीच आणलं. कड्याच्या पलीकडची सगळी ओळ त्यांनी बांबूच्या चिरफळीने पुन्हा आखली, दोन हात खालून, आणि गावाने आणखी दोन हिवाळे खणलं. गाव भात खातं. पण साहेबाच्या वहीतल्या त्या ओळीमुळे पुढे जिल्ह्यात कितीतरी कुलो निघाले, तरी तिच्या वडिलांना एकाही मोजणीवर कोणी घेतलं नाही. आणि कुलोच्या तोंडाशी एक सरकारी फलक आहे. त्यावर इंजिनियर म्हणून माझं नाव आहे.

"माझं?"

"तुमचं. दर दोन वर्षांनी रंग देतात."

तिला माफीनामा नको होता. तिला फलक बदलून हवा होता, वडिलांच्या नावाचा. कुलोच्या कमिटीचे लोक म्हणत होते की इंजिनियरचं नाव त्याने लिहून दिल्याशिवाय पुसता येत नाही.

मुलाला हे कळल्यावर तो म्हणाला, "बाबा, राइटिंगमध्ये काही देऊ नका. लायबिलिटी असते. आधी एखाद्या लॉयरशी बोलू."

"कसली लायबिलिटी? मक्याची?"

"तुम्ही जोक करताय. मी सिरियसली सांगतोय. आणि तेवढी एकच गोष्ट तुमच्या नावावर आहे जगात. आई किती प्राउड होती तुमच्या नेपाळच्या कामाबद्दल."

"तिला मी खोटं सांगितलं होतं," मी म्हणालो. "तू ते पुढे चालवू नकोस."

तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मी लिहून दिलं. बहिनीने नेपाळीत उतरवलं, मी खाली सही केली आणि पदवी लिहिली, कारण खोटं ज्या पदवीच्या जोरावर खपलं तिच्याच नावाने खरं जायला हवं होतं.

कमिटीने ते वर पाठवलं आणि गेल्या महिन्यात तिकडच्या पाटबंधारे कार्यालयाचं उत्तर आलं. नाव बदलायला हरकत नाही. मात्र त्या माणसाचं शिक्षण नसल्याने "इंजिनियर" असं लिहिता येणार नाही. "सहयोगी" लिहिता येईल.

मी त्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं. ते असं: "माझ्याकडे पदवी आहे. मी आखलेल्या ओळीतून पाणी गेलं नाही. त्यांच्याकडे पदवी नव्हती. त्यांनी आखलेल्या ओळीतून आजही जातं. आम्हा दोघांत इंजिनियर कोण, हे कार्यालयाने मला लेखी कळवावं. सहयोगी हा शब्द वाया जाऊ नये असं वाटत असेल तर तो माझ्या नावापुढे लावा. पण तेही खरं होणार नाही, कारण मी त्यांना सहकार्य केलं नव्हतं. माझं वय ब्याऐंशी आहे, तेव्हा उत्तर लवकर द्यावं."

शेवटचं वाक्य काढा असं मुलगा म्हणाला. बहिनी म्हणाली राहू द्या. मी राहू दिलं. उत्तर अजून आलेलं नाही. तिसरं पत्र लिहून तयार आहे, ते आधीच्यापेक्षा कडक आहे.